कवळीखालची बुरशी परत परत का येते आणि रिपोर्टमधले बॅक्टेरिया तिथे काय करतायत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की बाबांच्या वरच्या कवळीखाली टाळू लालभडक झालाय, दुखत फारसं नाही, क्लोट्रिमाझोल या बुरशीच्या औषधाचा माउथ पेंट लावला की दोन आठवडे बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच. आता कल्चर रिपोर्टमध्ये (स्वॅबमधले जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात तो) कँडिडा अल्बिकन्स ही बुरशी आलीय आणि खाली 'मिश्र बॅक्टेरिया' असंही लिहिलंय, मग बुरशीच्या औषधाबरोबर एखादं अँटिबायोटिकपण सुरू करावं का.

मी हॉस्पिटलच्या मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये बरीच वर्षं आहे त्यामुळे असे रिपोर्ट रोज हातातून जातात. आधी सरळ उत्तर देतो, अँटिबायोटिक स्वतःहून अजिबात सुरू करू नका. का ते नीट सांगायला जरा लांब लिहावं लागेल कारण तो 'मिश्र' शब्द वाटतो तेवढा साधा नाही.

कँडिडा बऱ्याच निरोगी माणसांच्या तोंडात असतंच, थोडं, शांत, गोल यीस्टच्या म्हणजे एकपेशी बुरशीच्या रूपात. कवळी बसली की टाळूवर लाळ धड पोचत नाही, ऑक्सिजन कमी, उबदार ओली जागा, आणि कवळीचं ॲक्रिलिक (प्लॅस्टिक) डोळ्याला गुळगुळीत दिसलं तरी मायक्रोस्कोपखाली खड्डे-चरे असतात. यीस्टची पेशी ४-५ मायक्रॉनची, बॅक्टेरिया साधारण १ मायक्रॉनचे, सगळ्यांना लपायला भरपूर जागा मिळते. मग कँडिडा लांब धागे काढायला लागतं, त्यांना हायफा म्हणतात, आणि खरा थर म्हंजे बायोफिल्म तिथून सुरू होतो. या धाग्यांवर एएलएस-३ नावाचं एक प्रोटीन असतं, आणि बॅक्टेरिया त्यालाच येऊन चिकटतात. तोंडातला नेहमीचा बॅक्टेरिया स्ट्रेप्टोकॉकस गॉर्डोनाय एएलएस-३ला पकडतो आणि वर कँडिडाला आणखी धागे काढायला लावतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस (थोडक्यात स्टॅफ) हा बॅक्टेरियासुद्धा यालाच पकडतो, मांडवावर वेल चढावा तसा धाग्यांवर चढून बसतो आणि हायफा जिकडे शिरतील तिकडे तोही आत जातो. उंदरांवरच्या प्रयोगात हे नीट दिसलंय, तोंडात कँडिडा आणि स्टॅफ दोन्ही दिले तर स्टॅफ पुढे शरीरात पसरला, आणि एएलएस-३ नसलेलं कँडिडा दिलं तर नाही.

म्हणजे ते नुसते शेजारी शेजारी वाढत नाहीत. एकमेकांचं औषधापासून रक्षण करतात, आणि मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. ग्लासगोच्या संशोधकांनी २००२ साली कँडिडा आणि स्टॅफचाच एक भाऊबंद स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस एकत्र वाढवून बघितले. स्टॅफच्या चिकट स्रावामुळे फ्लुकोनाझोल हे बुरशीचं औषध आत शिरायला वेळ लागला, आणि उलट्या बाजूने कँडिडामुळे स्टॅफवर व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकचा परिणाम कमी झाला. पुढे स्टॅफ ऑरियसबाबतही तसंच दिसलं, कँडिडाच्या थरात बसलेल्या स्टॅफला व्हॅन्कोमायसिन नीट लागत नाही. यात जनुकं बदलून आलेला रेझिस्टन्स (औषधाला न जुमानणं) असायलाच हवा असं नाही. तेच जंतू थरातून सोडवून एकटे तपासले तर लॅबच्या रिपोर्टात 'सेन्सिटिव्ह' म्हणजे औषधाने मरणारे असे येऊ शकतात, कारण आम्ही ही सेन्सिटिव्हिटीची तपासणी लावतो ती सुट्या जंतूंवर, थरावर नाही. औषध रिपोर्टप्रमाणे बरोबर आणि पेशंटला गुण नाही, असं अनेकदा होतं त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

आता ऑक्सिजन. कँडिडाच्या थरात आत आत गेलं की ऑक्सिजन संपत जातो. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१४ मध्ये दाखवलं की क्लोस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्ससारखे जे बॅक्टेरिया साध्या हवेत वाढूच शकत नाहीत ते कँडिडाच्या बायोफिल्ममध्ये उघड्या हवेत ठेवूनसुद्धा वाढले. मला हा प्रयोग फार आवडतो. यीस्ट त्यांना आपल्या पोटात जागा करून देतं असंच म्हणायला हवं.

आणि साखर, इथे बाबांचा थेट संबंध येतो. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, दात किडवणारा तोच, कवळीवरपण राहतो कारण त्याला कडक पृष्ठभाग लागतो, दात काय आणि ॲक्रिलिक काय. तो जीटीएफ-बी नावाचं एन्झाइम बाहेर सोडतो, ते कँडिडाच्या पेशीभिंतीवरच्या मॅनन नावाच्या साखरेच्या साखळ्यांना जाऊन चिकटतं आणि आपली नेहमीची साखर वापरून तिथेच ग्लुकनचा (ग्लुकोजच्या लांब साखळ्यांचा) चिकट, पाण्यात न विरघळणारा गोंद तयार करतं. या क्रियेत साखर तुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज सुटतात ते कँडिडाला खायला मिळतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या ह्युन कू यांच्या गटाने यावर खूप काम केलंय, लहान मुलांच्या दुधाच्या दातांच्या झपाट्याने किडण्यात हीच जोडी दिसते, आणि उंदीरवर्गी प्राण्यांत दोघं एकत्र दिले तर कीड एकेकट्यापेक्षा कितीतरी वाईट झाली. त्याच गटाने २०२२ मध्ये दाखवलं की लाळेत या दोघांचे गठ्ठे बनतात आणि ते गठ्ठे पृष्ठभागावर अक्षरशः सरकतात, उड्या मारतात. एकट्या बॅक्टेरियाला किंवा एकट्या यीस्टला हे जमत नाही.

पण सगळेच मित्र असतात असंही नाही. स्यूडोमोनास एरुजिनोसा नावाचा बॅक्टेरिया कँडिडाच्या धाग्यांना चिकटून त्यांना मारतो, गोल यीस्टला मात्र सोडून देतो, हे होगन आणि कोल्टर या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं. मग कँडिडा काय करतं, स्यूडोमोनासचा आपसातला एक रासायनिक संदेश जाणवला की धागे काढणं थांबवतं. आणि स्वतः फार्नेसॉल नावाचं रसायन सोडतं त्याने स्यूडोमोनासची काही विषं तयार होणं कमी होतं. लॅक्टोबॅसिलस जातीचे बॅक्टेरियाही लॅक्टिक ॲसिड वगैरे सोडून कँडिडाला दाबून ठेवतात. आता तुम्हीच विचार करा, अशा ठिकाणी सरसकट अँटिबायोटिक दिलं तर काय होईल. कँडिडाला दाबून ठेवणारे बॅक्टेरिया जातील, थरात लपलेले टिकतील आणि कँडिडाला मोकळं रान. अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर तोंड येऊन पांढरं पडतं ते याच्यामुळेच. दात-हिरडीत पू, ताप, चेहऱ्याला सूज असलं काही असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर देतील ते घ्यायचं.

मग करायचं काय. माझं मत असं आहे की बाबांच्या टाळूवर औषध लावताय ते ठीक आहे पण जंतूंचं घर टाळूवर नाहीये, कवळीत आहे. टाळू बरा होतो आणि तीच कवळी परत वर बसते. त्यामुळे थर मोडायचा तो हाताने घासून, नुसत्या औषधाने तो जाणार नाही. रोज कवळी काढून मऊ ब्रशने साध्या लिक्विड सोपने आतून-बाहेरून घासा, टाळूला चिकटते ती बाजू जास्त. टूथपेस्ट नको, ती खरखरीत असते, ॲक्रिलिकला चरे पडतात आणि जंतूंना आणखी जागा होते. उकळतं पाणीपण नको, कवळी वाकते. ब्लीचचं पातळ द्रावण चालतं पण किती पातळ ते दंतवैद्यांना विचारून, १० मिनिटांपेक्षा जास्त बुडवायचं नाही आणि कवळीला धातूची तार असेल तर ब्लीच अजिबात नाही.

रात्री कवळी काढून झोपायचं, यावर मी सगळ्यात जास्त जोर देईन. वयस्कर लोकांना लाज वाटते, घरात कोणी बघेल म्हणून घालूनच झोपतात, त्यांना प्रेमाने समजवावं लागतं. जपानमध्ये ८५ वर्षांवरच्या ५२४ जणांवर केलेल्या अभ्यासात रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त निघाला, त्यामुळे हा नुसता टाळूचा प्रश्न नाही. दिवसभर साखरेचा चहा थोडा थोडा करून चार-पाच वेळा होत असेल तर तोही कमी करा, वर सांगितलेला गोंद त्यातूनच बनतो.

औषधांबद्दल दोन गोष्टी. निस्टॅटिन (बुरशीचं औषध) आणि क्लोरहेक्सिडिनचा जंतुनाशक माउथवॉश एका वेळी वापरू नका, दोघं मिळून एकमेकांना निकामी करतात, मध्ये अंतर ठेवा. आणि बाबा रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेत असतील तर मायकोनाझोल या बुरशीच्या औषधाची जेल तोंडातसुद्धा लावायची नाही, रक्त धोकादायक पातळ होऊ शकतं, डॉक्टरांना हे आधी सांगा.

मधुमेहातही कँडिडा वाढतं, म्हणून शुगर तपासली नसेल तर या आठवड्यात उपाशीपोटीची आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) करून घ्या. कवळी सैल झाली असेल, बरीच जुनी असेल तर नवी करणं किंवा आतून रीलाइन करून (आतली बाजू टाळूला नीट बसेल अशी नवी करून) घेणं हे औषधाच्या आणखी एका बाटलीपेक्षा उपयोगाचं ठरेल. आणि पुन्हा कल्चर करायची वेळ आलीच तर दोन स्वॅब पाठवा, एक टाळूचा आणि एक कवळीच्या आतल्या बाजूचा, आणि फॉर्मवर स्पष्ट लिहा कुठला कुठून घेतलाय. टाळूवर थोडंच आणि कवळीवर भरगच्च कँडिडा आलं तर साफसफाई कुठे कमी पडतेय ते तिथल्या तिथे कळेल.