केरळसारखी घरी येणारी पॅलिएटिव्ह केअर आपल्या गावांत का नाही? वडिलांना मॉर्फिन द्यावं का?

तुमच्या वडिलांना अन्ननलिकेचा कॅन्सर आहे, डॉक्टरांनी ‘आता घरी न्या, सेवा करा’ म्हणून सोडलंय, मॉर्फिनचं नाव काढलं की काका अंगावर येतात, आणि केरळात पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी दुखणं आणि त्रास कमी करायची सेवा, घरी येऊन करतात तशी बीडकडे का नाही, असं तुम्ही विचारलंय. काकांचं आधी घेतो. असले एक काका आमच्याकडेही आहेत.

मॉर्फिन म्हणजे अफूपासून बनणारं जोरदार वेदनाशामक. त्यानं माणूस लवकर जात नाही. दुखण्याच्या मानानं मात्रा बेतून दिली तर दुखणं आवरतं, झोप लागते, दोन घास पोटात जातात. 1986 साली जागतिक आरोग्य संघटनेनं कॅन्सरच्या वेदनेसाठी पायरीपायरीनं औषध वाढवायची पद्धत सांगितली, तिच्यात वरच्या पायरीवर हेच आहे: तोंडानं, घड्याळ लावून, साधी गोळी असेल तर दर चार तासांनी. दुखायला लागल्यावर द्यायची गोळी नाही ही, दुखू नये म्हणून द्यायची आहे. आणि महिन्या-दोन महिन्यांचा सोबती असलेल्या माणसाला व्यसन लागेल, ही काळजी करणाऱ्यांना मी हात जोडतो.

आम्ही गलाईवाले. गाव खानापूर तालुक्यात, विट्याच्या बाजूला. आमच्याकडची निम्मी घरं सोनं गाळायच्या धंद्यानं देशभर पांगलेली आहेत. अण्णा, म्हणजे माझे वडील, तरुणपणीच केरळात मलप्पुरम जिल्ह्यात तिरूरला गेले आणि तिथंच दुकान टाकलं. मल्याळम असं बोलायचे की सराफ गोंधळायचे. तंबाखू मात्र गावची, शेवटपर्यंत. गालाला कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाले, पुन्हा उलटला. मोठ्या हॉस्पिटलनं तुम्हाला सांगितलं तेच आम्हाला सांगितलं.

फरक पुढचा. गल्लीतल्या एका रिक्षावाल्यानं परस्पर नाव नोंदवलं आणि दोन दिवसांत पालियेटिव्हची गाडी दारात. एक सिस्टर, दोन स्वयंसेवक, त्यातले एक निवृत्त मास्तर. सिस्टरनं अण्णांच्या आधी आईला विचारलं, तुम्ही रात्री झोपता का? आईला कोणी हे विचारलंच नव्हतं. गालाची जखम फुटलेली, वास इतका की नातू खोलीत यायचा नाही आणि आम्ही उदबत्त्या लावत बसलेलो. तिनं मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक औषधाच्या गोळ्या कुटून पूड केली, जखमेवर पसरली, माझ्या बायकोला ड्रेसिंग शिकवलं. चार-पाच दिवसांत वास गेला. नातू अण्णांच्या कॉटवर बसून मोबाइलवर क्रिकेट बघायला लागला. मॉर्फिन सुरू झालं तेव्हा पहिले दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ होती, मग उतरली. अण्णा दुकानाचा हिशेब विचारायला लागले. सगळं फुकट. डबा प्रत्येक दुकानाच्या गल्ल्याशेजारी ठेवलेला असतो, आपल्याकडे मंडळाच्या वर्गणीचा असतो तसा, फक्त बारा महिने.

मग अण्णांनी जत्रेला गावी जायचा हट्ट धरला. गोळ्या आणि चिठ्ठी घेऊन आलो. पण गावी मुक्काम वाढला, तात्या, म्हणजे माझे चुलते, सोडायला तयार होईनात, आणि गोळ्या संपत आल्या. मेडिकलवाला चिठ्ठी बघून म्हणाला, ‘ही नको रे बाबा, पोलिसांची भानगड.’ तालुक्यातल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात डॉक्टर भला माणूस होता, पण म्हणाला, रजिस्टर ठेवा, तपासणी सोसा, कोण करतंय, ट्रामाडॉलचं, म्हणजे मॉर्फिनहून सौम्य वेदनाशामकाचं, इंजेक्शन देतो. त्यानं अण्णांना काही झालं नाही. रात्री पंचा तोंडात धरून बसायचे, तेही एकाच बाजूनं, कारण दुसऱ्या बाजूला गालच नव्हता. आणि तात्या ओसरीवर भावकी जमवून सांगायचे, ‘केरळात नेऊन म्हाताऱ्याला गर्दची सवय लावली, आता सुटेना.’

शेवटी तिरूरच्या मास्तरांनीच फोन लावून पुण्यातल्या मॉर्फिन मिळण्याच्या ठिकाणाचा पत्ता काढून दिला. तिथं चिठ्ठी आणि कागद बघून रीतसर नोंद झाली, गोळ्या मिळाल्या. अण्णा त्यानंतर बरेच आठवडे राहिले आणि घरीच वारले. तात्यांचं मत आजही कायम: ‘गोळीनं नेला, आणि पोरांनी पैसे वाचवले.’ जमीन विकून आयसीयूत नळ्या लावून माणूस गेला की भावकीत मान ताठ. घरी सुखानं गेला तर पोरं कंजूष. तात्यांच्या व्याह्यांनी तसंच केलं, तीन एकर गेली, आणि शेवटच्या दिवसांत मुलगी काचेतून बघत होती. हे मी तोंडावर बोललेलो आहे, इथं पुन्हा लिहितो.

आता ‘का नाही’. 1985 साली अमली पदार्थांचा कायदा आला. शिक्षा इतक्या कडक की औषध ठेवणारे हॉस्पिटलवाले आणि केमिस्टच भ्याले, आणि परवाने वेगवेगळ्या खात्यांचे. पुढच्या बारा-एक वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. गंमत बघा, नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्यानं अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, आपण ती बाहेर विकतो, आणि विट्यात गोळी नाही. 2014 साली कायदा दुरुस्त झाला. आता ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून राज्याच्या औषध प्रशासनाची एक मान्यता आणि प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर एवढं पुरतं. कायदा बदलून इतकी वर्षं झाली, भीती तशीच आहे, कारण कॉलेजात शिकवताना कोणी ती घालवली नाही.

केरळात 1993 साली कोळिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सोबत्यांनी सुरुवात केली. खरी उडी पुढची: काम डॉक्टरांच्या हातून गल्लीच्या हातात गेलं. रुग्ण शोधणं, वर्गणी, गाडी, घरात शिधा आहे का हे बघणं स्वयंसेवकांकडे. जखम आणि कॅथेटर (लघवीची नळी) सिस्टरकडे. डॉक्टर गोळी लिहायला. 2008 साली राज्यानं धोरण केलं आणि ग्रामपंचायतींना यासाठी पैसे धरावे लागले, नर्स नेमावी लागली. आपल्याकडे मुंबईत बांद्र्याचं शांती अवेदना हे हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा करणारं ठिकाण) 1986 पासून आहे, म्हणजे केरळच्या आधीचं. पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केंद्र 1997 पासून. चांगली आहेत, पण केंद्रं आहेत. बीडच्या तांड्यावरचा माणूस वारज्याला कसा पोचणार?

‘केरळ श्रीमंत, गल्फचा पैसा’ हे मेहुण्याचं पालुपद. मलप्पुरमात गल्फचा पैसा आहे, नाही कशाला म्हणू. मग युगांडाचं काय? आपल्याहून गरीब. 1993 सालीच डॉ. ॲन मेरिमन यांनी कंपालात हॉस्पिस सुरू केलं. मॉर्फिनची पूड आणून तिथंच पाण्यात औषध करून बाटल्या भरतात. डॉक्टर पुरेसे नाहीत म्हणून 2004 साली प्रशिक्षित नर्सना मॉर्फिन लिहायचा अधिकार देऊन टाकला. आपल्याकडे हे नुसतं सुचवून बघा, मोर्चा निघेल. जगात ज्यांना ही सेवा लागते त्यांतल्या 14 टक्क्यांनाच ती मिळते असं आरोग्य संघटना सांगते. पैसा नाही हे कारण मला पटत नाही.

तुम्ही आत्ता काय करायचं: जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह किंवा वेदनाशामक विभाग कोणत्या वारी असतो ते विचारा. नसेल तर जिथं कॅन्सरचे उपचार झाले तिथं त्याच विभागाची चिठ्ठी मागा. बायोप्सीचा कागद आणि ओळखपत्र बरोबर ठेवा. रुग्णाला नेता येत नसेल तर नातेवाइकाला औषध देतात का, हे आधी फोन करून विचारा. गिळता येत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, दुसरे मार्ग असतात.

मी डॉक्टर नाही, गलाईवाला आहे. मात्रा स्वतः वाढवू नका. किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा. हाक मारूनही जागे होत नसतील किंवा श्वास फार मंद वाटला तर पुढची गोळी थांबवून लगेच फोन करा. केरळातही रात्री-अपरात्री डॉक्टर मिळत नाही, आम्ही पण एक रात्र तशी काढली आहे.

आणि मॉर्फिन लिहून मिळालं की त्याच चिठ्ठीवर पोट साफ व्हायचं औषध आहे का बघा. नसेल तर तिथूनच परत फिरा आणि मागून घ्या. नाहीतर आठ दिवसांत बद्धकोष्ठानं वडीलच म्हणतील गोळी नको, आणि काका म्हणतील, बघा, सांगत होतो.