रोज खिशात ठेवायला घडीचा चाकू: ओपिनेल ८ नंबर (कार्बन) घेऊ की व्हिक्टोरिनॉक्स स्पार्टन? सांगलीत ऑफिस आहे, शनिवार-रविवार तासगावकडं द्राक्षबागेत असतो.

तुमच्यासाठी स्पार्टन. मी बागायतदाराच्याच घरातला आहे, दोन्ही चाकू बरीच वर्षं वापरतोय, त्यामुळं का ते जरा सविस्तर लिहितो.

आधी ओपिनेलबद्दल, कारण तो मला जीव की प्राण आहे. फ्रान्सच्या डोंगराळ भागातला, 1890 पासूनचा शेतकऱ्यांचा चाकू. बीचच्या लाकडाची गोल मूठ, साडेआठ सेंटीमीटरचं पातं, त्यावर मुकुट आणि हाताचा छाप, वजन पन्नास ग्रॅमच्या आत. पातं इतकं पातळ की टोमॅटोवर नुसतं टेकवून ओढलं तरी साल फाटत नाही, सरळ कापली जाते. बांधावर जेवताना कांदा, काकडी, पेरू कापायला याच्याइतका चांगला चाकू मी हातात धरलेला नाही. आणि याला लॉक आहे, मुठीच्या तोंडाशी स्टीलची कडी असते ती फिरवली की पातं अडकतं, 1955 साली ही कडी आली आणि 2000 पासून मिटलेल्या चाकूलाही ती लावता येते म्हणजे खिशात आपोआप उघडायची भीती नाही.

मग तो का नको म्हणतोय, तर कार्बनमुळं आणि लाकडामुळं. कार्बन स्टीलला धार पटकन लागते हे खरंय पण लिंबू किंवा कैरी कापून तसंच ठेवलं की पातं काळपट पडतं. तो काळा रंग वाईट नाही, तो राहू द्या, घासून काढायच्या मागं लागू नका, लाल दिसलं तर मात्र गंज समजायचा. पण तुम्ही बागेत जाणार, तिथं खताच्या गोण्या फोडणार, आणि खताचा कण पात्याला लागून राहिला की कार्बन स्टील बघता बघता गंजतं. त्यात दिवसभर पँटच्या खिशातला घाम. लाकडाचं म्हणाल तर ते पाणी प्यालं की फुगतं, जुलै-ऑगस्टच्या झडीत गाडीवरून भिजत गेलात तर पातं मुठीत असं आवळलं जातं की नखानं ओढून निघत नाही. तेव्हा कडी उघडून मुठीचं मागचं टोक लाकडी फळीवर ठोकायचं, पात्याचं टोक थोडं वर येतं मग धरून ओढायचं. तिकडची लोकं पण असंच करतात. मुठीला जवसाचं तेल पाजून वाळवलं तर त्रास कमी होतो, पण हे सगळं ज्याला आवडीनं करायचंय त्याच्यासाठी. खिशात एकच चाकू असणार असेल आणि तो न बघता चालला पाहिजे असेल तर नको.

आता स्पार्टन. मिटलेला 91 मिलिमीटरचा, दोन पाती, मोठं आणि छोटं. मला विचाराल तर खरी गंमत त्या दोन पात्यांत आहे, बाकी स्क्रूड्रायव्हर आणि ओपनर नंतर. मी मोठं पातं फक्त खाण्यासाठी ठेवलंय, सफरचंद, पेरू, ब्रेड, कधी घाईत कांदा, आणि छोट्यानं सुतळी, बॉक्सची टेप, गोणीची शिलाई, केबल टाय असलं सगळं. टेपचा चिकट गोंद एकदा पात्यावर बसला की त्यावरून फळ कापायला मन होत नाही, ते इथं सुटतं. मात्र फवारणीच्या औषधाच्या बाटलीचं सील यातल्या कुठल्याच पात्यानं फोडू नका, कारण दोन्ही पाती मिटल्यावर एकाच फटीत बसतात आणि छोट्याला लागलेलं मोठ्याला लागतं. त्यासाठी फवारणीच्या पंपाजवळ एक साधा कटर सुतळीनं बांधून ठेवा, तो तिथंच राहू दे. छाटणीला अर्थातच कात्री, चाकूचं ते कामच नाही.

लाल मुठीत एका टोकाला बारका चिमटा असतो, नखानं ओढून काढायचा. तळव्यात बाभळीचा काटा मोडला की त्याची किंमत कळते, पाठीमागचा टोच्या वापरून कातडी जरा सैल करायची (आधी पुसून घ्या) आणि चिमट्यानं काटा सरळ ओढायचा. मागच्या खेपेला आईच्या टाचेतला काटा असाच काढला, दोन मिनिटांत. टोच्यानंच ड्रिपच्या लॅटरलला (झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या ठिबकच्या बारक्या नळीला) भोक पण पाडता येतं, चाकूच्या टोकानं पाडू नका, आणि हे मी मनापासून सांगतोय.

कारण स्पार्टनला लॉक नाही. आत पट्टीची स्प्रिंग असते, तिच्या जोरावर पातं उभं राहतं, कापताना जोर धारेवर असतो तोवर काही होत नाही पण टोकानं खुपसायला गेलात की पातं मागं मिटतं आणि मध्ये तुमचं बोट असतं. माझ्या उजव्या तर्जनीवर अजून वण आहे, जत्रेतल्या एका बिनलॉकच्या चाकूनं असंच भोक पाडायला गेलो होतो, तीन टाके पडले आणि ऐन हंगामात आठ दिवस हात पाण्याला लावता आला नाही. तुम्ही खुपसण्याची कामं जास्त करत असाल तर मी माझं मत बदलेन आणि ओपिनेलच घ्या म्हणेन, पण मग कार्बन नको, पात्यावर इनॉक्स लिहिलेला. इनॉक्स म्हणजे स्टेनलेस. व्हिक्टोरिनॉक्सच्या नावातला शेवटचा तुकडा पण तोच, पहिला त्या कंपनीच्या संस्थापकाच्या आईच्या नावाचा, व्हिक्टोरिया.

धारेचं सांगतो कारण इथं बहुतेक लोक चुकतात. दारावर चाक घेऊन येतो त्या धारवाल्याकडं हा चाकू देऊ नका, विळी-कोयत्याला तो ठीक, पण बारीक पातं चाकावर तापतं, धारेचं पाणी उतरतं आणि स्टील पण भरमसाट झिजतं. स्पार्टनचं स्टील फार कडक नसतं, त्यामुळं चिनी मातीचा कप उलटा करून बुडाच्या खरखरीत कडेवर दोन्ही बाजूंनी सात-आठ वेळा हलक्या हातानं ओढलं तरी कागद कापण्याइतकी धार येते. कोन साधारण वीस अंश, म्हणजे पातं जवळजवळ आडवंच. द्राक्षं किंवा आंबा कापल्यावर सांध्यात साखर जाऊन उघडायला जड जातो, तेव्हा कोमट पाण्यात उघडझाप करून धुवायचा, वाळवायचा आणि सांध्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब.

आणि कायद्याचं, तुम्ही विचारलं नाही तरी. शस्त्र नियमांत परवान्याची अट नऊ इंचापेक्षा लांब किंवा दोन इंचापेक्षा रुंद पात्याला आहे, हे दोन्ही चाकू त्याच्या जवळपास पण जात नाहीत. पण गणपतीत, निवडणुकीत आपल्या जिल्ह्यात पोलीस कायद्याच्या कलम 37 चा मनाई आदेश लागतो आणि त्यात चाकू बाळगायला पण बंदी येते, तिथं इंच कुणी मोजत बसत नाही. मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीला जाताना तो घरी काढून ठेवा. कोर्टात जाताना पण. विमानात हँडबॅगेत चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत टाका. खटका दाबला की फटकन उघडणारे चाकू तर घेऊच नका, आणि स्वतःच्या बचावासाठी म्हणून खिशात ठेवायचा विचार असेल तर दोन्ही नको.

दुकानात हातात घेऊन बघायला मिळाला तर दोन्ही पाती नखाच्या खाचेतून चार-पाच वेळा उघडून बघा. उघडताना आणि मिटताना टक् असा स्वच्छ आवाज आला पाहिजे, उघडलेलं पातं चिमटीत धरून डावी-उजवीकडं हलवलं तर हलता कामा नये, आणि उजेडासमोर धरलं तर उघड्या पात्याच्या मागं स्प्रिंगमध्ये फट दिसता कामा नये.