व्यंगचित्र, व्यंग्यचित्र आणि अर्कचित्र

प्रश्न असा आला आहे : 'राजकीय व्यंगचित्र' बरोबर की 'व्यंग्यचित्र'? आणि अर्कचित्र म्हणजे तेच का?

मराठीत 'व्यंगचित्र' पक्कं रुळलंय, तेच लिहावं. 'व्यंग्यचित्र' हिंदीत चालतं. मुळं मात्र वेगळी आहेत. व्यंग म्हणजे वि + अंग, शरीरातली उणीव, दोष. व्यंग्य हा व्यंजनेच्या, म्हणजे शब्दाच्या सूचित करण्याच्या शक्तीच्या, कुळातला शब्द. काव्यशास्त्रात वाच्य (शब्दाचा सरळ अर्थ), लक्ष्य (सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा घ्यावा लागणारा) आणि व्यंग्य असे तीन अर्थ मानतात. त्यातला उघड न बोलता सूचित होणारा तो व्यंग्य. लिहायचं व्यंगचित्रच, पण राजकीय चित्राचा जीव या व्यंग्यार्थात असतो असं माझं ठाम मत आहे.

फ्रान्समधलं 1831 सालचं उदाहरण घ्या. राजा लुई-फिलिपची खिल्ली उडवल्याबद्दल शार्ल फिलिपाँ या संपादकावर खटला चालू होता. त्यानं कोर्टातच चार चेहरे काढून दाखवले. पहिला हुबेहूब राजाचा. मग गाल हळूहळू सुटत, कपाळ निमुळतं होत गेलं आणि चौथ्या चित्रात उरलं नुसतं नासपती. आता गुन्हेगार यातलं कोणतं चित्र, असा त्याचा सवाल. 'नासपती'ला तिथल्या बोलीत 'बावळट' असाही अर्थ होता. फिलिपाँला शिक्षा झाली, पण पॅरिसच्या भिंतींवर नासपती उमटू लागलं आणि ते कोणाचं हे कोणालाही सांगावं लागत नव्हतं. मधल्या पायऱ्या अर्कचित्राच्या : चेहऱ्यातलं ठळक तेवढं काढून वाढवणं. शेवटची व्यंग्याची : माणूस चित्रात नाही, तरी रोख त्याच्यावरच.

'कार्टून'चा आजचा अर्थही टोमण्यातूनच आलाय. मुळात इटालियनमध्ये तो जाड कागद आणि त्यावरचं भित्तिचित्राचं कच्चं रेखाटन. 1843 मध्ये लंडनला नव्या संसद भवनासाठी अशा रेखाटनांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा 'पंच' साप्ताहिकानं 'कार्टून क्रमांक 1' म्हणून जॉन लीचचं चित्र छापलं : फाटक्या कपड्यांतले गरीब लोक भिंतीवरच्या भरजरी तसबिरी बघताहेत. भुकेल्यांना अन्नाऐवजी चित्रं देणाऱ्या सरकारला तो थेट चिमटा होता. पुढे चिमट्यालाच कार्टून म्हणू लागले.

तेव्हा नेत्याचा नुसता अतिरंजित चेहरा असेल तर अर्कचित्र म्हणा. त्यातून त्याच्या कारभारावर भाष्य होत असेल तर व्यंगचित्र. कोणावरच रोख नसलेली निखळ गंमत असेल तर हास्यचित्र.