सफेद मुसळीने उंदरांचे शुक्राणू वाढले म्हणतात, मग माणसाचेही वाढतील का?

तुम्ही विचारलंय की मुसळीच्या अर्काने उंदरांचे शुक्राणू वाढल्याचं वाचलं, ते कितपत खरं धरायचं. एम.फार्म.ला असताना मी हेच काम केलंय. असा पेपर हाती आला की मी आधी एकच गोष्ट शोधतो: अर्क किती दिवस पाजला?

पांढऱ्या रॅटच्या (प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराच्या) वृषणात शुक्राणू तयार व्हायला साधारण 52 दिवस लागतात, आणि मग एपिडिडिमिसमधून (वृषणाला लागून असलेल्या, शुक्राणू साठवणाऱ्या गुंडाळलेल्या नळीतून) पक्व होऊन बाहेर पडायला आणखी आठवडा-दीड आठवडा. म्हणजे रोजचा डोस निदान 60 दिवस तरी हवा. 14 दिवसांत फार तर नर मादीवर किती वेळा चढला हे मोजता येतं. ती झाली कामेच्छा. जाहिरातवाले मात्र दोन्ही एकाच डबीत भरून विकतात.

शेवटच्या दिवशी एपिडिडिमिसचं शेपटाकडचं टोक कोमट सलाइनमध्ये बारीक कापतात. पाणी दुधाळ होतं. त्याचा थेंब लगेच सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन आधी हालचाल बघायची, मोजणी नंतर. सलाइन गार पडलं तर धडधाकट शुक्राणूही मंदावतात आणि अर्क उगाच बदनाम होतो. वृषणाचे काप घ्यायचे तर ते टिकवायला बुइनचं द्रावण वापरतात, साध्या फॉर्मॅलिनमध्ये आतल्या नलिका आकसतात.

बरं, मुळात निरोगी नराचे शुक्राणू वाढले तरी त्यातून फार काही कळत नाही. रॅटकडे ते इतके जादा असतात की संख्या बरीच घटली तरी पिल्लं होतातच. म्हणून आधी उष्णतेने किंवा औषधाने वृषणाला इजा करून मग अर्काने सुधारणा होते का, असा प्रयोग मला जास्त पटतो.

डोसचंही बघा. रॅटला किलोमागे 200 मिलिग्रॅम दिले असतील तर शरीराच्या आकारातला फरक धरून माणसासाठी त्याला 6.2 ने भागतात. 60 किलोच्या माणसाला ते दिवसाला जवळजवळ 2 ग्रॅम होतात, आणि तेही अर्काचे, चूर्णाचे नव्हेत. शिवाय बाजारात मुसळी म्हणून शतावरीच्या जातीतली मुळंही खपवतात.

तुमचा प्रश्न स्वतःपुरता असेल तर 2 ते 7 दिवस संयम पाळून आधी वीर्यतपासणी करा, पत्नीच्या तपासण्याही सोबतच होऊ द्या. डॉक्टरांना विचारून काही सुरू केलंत तर पुढची तपासणी तीन महिन्यांनी. माणसाचं हे चक्र अडीच महिन्यांच्या आसपास असतं, त्याआधीचा रिपोर्ट जुन्याच शुक्राणूंचा.