जर्मन लोक असेच असतात का?

व्हिसा आला हे वाचून फार बरं वाटलं बघ. तू विचारलंयस की जर्मन लोक खरंच शिस्तीचे, वेळेचे पक्के आणि जरा कोरडे असतात का. मी स्टुटगार्टला चार वर्षं काढलीत म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिल्याच महिन्यात माझ्या दाराच्या मुठीला कुणीतरी एक पाटी अडकवून गेलं, 'केअरवोखं', म्हणजे या आठवड्यात जिना झाडायची पाळी माझी. मी झाडला, पाटी समोरच्या दाराला लावली आणि रात्री घरी फोन करून सांगितलं की जर्मन लोक स्वच्छतेला किती पक्के आहेत बघा. पुढे हॅम्बुर्गच्या एका सहकाऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, ती श्वाबियन लोकांची, म्हणजे तुमच्या स्टुटगार्टकडच्या लोकांची पद्धत, आमच्याकडे नाही असलं काही. म्हणजे एका भागातली रीत मी आठ कोटींच्या वर लोकांना चिकटवून मोकळा झालो होतो!

पण म्हणून देशाबद्दल काहीच बोलता येत नाही असंही नाही हं. डच पुरुषांची सरासरी उंची १८० सेंटिमीटरच्या वर आहे, ते मोजलेलं आहे, फक्त त्यावरून समोरचा डच माणूस किती उंच ते कळत नाही.

खरा घोळ होतो स्वभावाबद्दल बोलताना. २००३ मध्ये अवयवदानावर एक गाजलेला अभ्यास आला, त्यात संमती असलेले लोक जर्मनीत १२ टक्के आणि ऑस्ट्रियात ९९.९८ टक्के. शेजारी देश, भाषा एकच, मग ऑस्ट्रियन लोक काय मनाने एवढे मोठे? तसं नाही रे, ऑस्ट्रियात नको असेल तर कळवायचं, नाहीतर होकारच धरतात, आणि जर्मनीत हवं असेल तर आपण होऊन होकार द्यायचा, सगळा फरक नियमाचा. वेळेचंही तेच, २०२४ मध्ये डॉईचं बान या जर्मन रेल्वे कंपनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के वेळेवर आल्या, तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर माफ करून, कारण रूळ जुने आणि दुरुस्ती वर्षानुवर्षं रखडलेली. तिथली माणसं काही एकाएकी आळशी झाली नाहीत.

तुलाही कुणीतरी विचारेलच की तुम्ही इंडियन लोक रोज योगा करता ना, तेव्हा चिडू नकोस, तुझ्या घरी सकाळी काय चालतं ते सांग. आणि तूही स्टुटगार्टलाच जातोयस, तर दाराला पाटी दिसली की जिना झाड, झाडू नसेल तर समोरच्यांकडे माग, तेवढ्यात त्यांची ओळखही होईल.