ताई, जा तुम्ही बोटीवर!

बर्मिंगहॅमहून एका ताईंचं पत्र आलंय. वय 64, मूळच्या सांगलीच्या, मिस्टर गेल्यावर मुलाकडे राहायला गेल्या. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत, दिवसभर घरात एकट्या, झोप उडालीय, मधेच रडू येतं. जीपीच्या म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातल्या लिंक वर्करने (औषधाऐवजी लोकांत मिसळायचे उपक्रम सुचवणाऱ्या कर्मचाऱ्याने) सुचवलंय की आठवड्यातून एकदा एका चॅरिटीच्या कम्युनिटी बोटीवर कॅनॉलवर जा. ताई विचारतात, "मला पोहता येत नाही, इंग्लिश मोडकंतोडकं, लोक काय म्हणतील? आणि पाण्यावर फिरून मनाचं दुखणं जातं का?"

ताई, जा. याच आठवड्यात जा. मिस्टर गेल्याचं दुःख बोटीने जाणार नाही, खोटं कशाला सांगू, पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात लागलं ते हे की जन्मभर घर चालवलेल्या बाईच्या हाताला आता कामच नाही, आणि बोटीवर काम मिळतं, तेही चार जणांच्या सोबतीने.

नॅरोबोट म्हणजे कॅनॉलवरची लांबट अरुंद बोट, जेमतेम 7 फूट रुंद, वेगाची मर्यादा ताशी 4 मैल, म्हणजे काठावरून चालणारा माणूससुद्धा बरोबरीने येतो आणि हमखास 'मॉर्निंग' म्हणतो. मग लॉक येतं. बोट वरच्या किंवा खालच्या पाण्यात न्यायला दोन्हीकडे दारं असलेला हौदच तो, त्यात बोट घ्यायची, विंडलास म्हणजे लोखंडी हँडल फिरवून पाणी आत सोडायचं किंवा बाहेर काढायचं, पुढच्या पाण्याशी पातळी सारखी झाली की दाराच्या लांब दांड्याला पाठ लावून सगळ्यांनी ढकलायचं. तुमच्या शहरात फार्मर्स ब्रिजला अशी 13 लॉक्स ओळीने आहेत! गुडघे दुखत असतील तर दोरी धरा, नाहीतर चहाचं बघा, तेही कामच. आणि इंग्लिशचं म्हणाल तर तिथे 'पुश', 'वेट', 'स्लोली' एवढ्यावर भागतं, बाकीचं हळूहळू येतं, कारण समोरासमोर बसून गप्पा मारायचं दडपणच नसतं.

लंडनच्या किंग्ज कॉलेजने 2022 मध्ये अभ्यास छापला होता, कॅनॉल-नदीकाठी गेलेल्या लोकांना बरं वाटतं आणि तो परिणाम 24 तासांपर्यंत टिकू शकतो असं त्यात दिसलं. मला ते पटतं. बर्मिंगहॅमचा पहिला कॅनॉल 1769 मध्ये कोळसा आणायला सुरू झाला, आज त्याच पाण्यावर राखी बगळा, पाणकोंबडी, नशीब असेल तर छोटा खंड्या दिसतो. तोच पक्षी ताई, आपल्या कृष्णाकाठचाच. नातवाला नावं मराठीत सांगा.

पोहता येत नसेल तर आधीच सांगा आणि लाइफजॅकेट मागून घ्या. कॅनॉल बराचसा उथळ असला तरी लॉकमध्ये पाणी खोल असतं, तिथे स्किपर म्हणजे बोट चालवणारा सांगेल तसंच वागायचं, चालत्या बोटीतून हातपाय बाहेर काढायचे नाहीत. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस आणि पकड असलेले बूट बरे, पदर हँडलमध्ये अडकायला नको.

लोक काय म्हणतील याचं उत्तर मी देणार नाही, कारण दुपारी तुम्ही एकट्या रडता तेव्हा हे लोक कुठे असतात?

पण रडू येतं हे मुलाला सांगितलंय का? पत्रावरून तरी वाटत नाही. आज रात्री जेवताना सांगा, आणि झोपेचं जीपीला परत दाखवा, बोट सुरू झाली म्हणून ती अपॉइंटमेंट सोडू नका.