व्हॅम्पायर रोमान्समधलं झटपट प्रेम खरं का वाटत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे की टीनएज व्हॅम्पायर कादंबऱ्यांमध्ये दोघं एकमेकांना बघतात काय आणि लगेच एकमेकांसाठी जीव द्यायला तयार होतात काय, हे तुम्हाला अजिबात पटत नाही, तर हा तुमचा प्रॉब्लेम आहे की पुस्तकांचा, आणि हे पटेल असं एखादं पुस्तक आहे का. मी ही पुस्तकं शाळेत असल्यापासून वाचतेय, आवडीने वाचतेय, आणि माझं मत विचाराल तर प्रॉब्लेम पुस्तकांचाच आहे. फक्त तो वेगाचा नाहीये.

बघताक्षणी कोणीतरी आवडणं यात खोटं काहीच नाही. सोळा-सतराव्या वर्षी तर एखाद्याचा आवाज ऐकला, मान वळवताना बघितलं, की दिवसभर दुसरं काही सुचत नाही, हे कोणालाही पटेल. गडबड होते ती पुढच्या पानावर, जिथे त्या ओढीलाच प्रेम म्हणून टाकतात, तेही जन्मोजन्मीचं, आणि मग उरलेल्या अख्ख्या पुस्तकात हे नक्की प्रेमच आहे का असं कोणी विचारतच नाही. व्हॅम्पायरच्या गोष्टीत तर हे विचारायलाच हवं, कारण इथे ओढीला आधीपासून दुसरं एक कारण हजर असतं, ते म्हणजे भूक. समोरचा शिकारी आहे, त्याला ती हवीय, पण कशासाठी हवीय? आणि ती त्याच्याकडे खेचली जातेय ते तिच्या मनाने की त्याच्या जाळ्यामुळे? माझ्या मते सगळं इथे अडतं. जी कादंबरी भूक आणि प्रेम सोडवून वेगळं करून दाखवते ती पटते, जी दोन्ही एकच धरून चालते ती पटत नाही, मग प्रेमात पडायला दोन दिवस लागोत नाहीतर दोन वर्षं.

'ट्वायलाइट'च घ्या, 2005 चं पुस्तक, बहुतेकांनी वाचलेलं किंवा निदान पिक्चर बघितलेला. बेला सतरा वर्षांची, एडवर्ड दिसायला सतरा पण जन्म 1901 चा, 1918 च्या स्पॅनिश फ्लूमध्ये मरायला टेकलेला असताना व्हॅम्पायर झालेला. पहिली भेट बायोलॉजीच्या वर्गात, शेजारी शेजारी बसलेत, आणि तो तिच्याकडे बघतो ते चक्क द्वेषाने, कारण तिच्या रक्ताचा वास त्याला सहन होत नाहीये. मग तो काही दिवस गावातूनच गायब होतो. ही सुरुवात मला आजही एक नंबर वाटते. पुढे तो स्वतःच्या तोंडाने तिला सांगतो की माझा चेहरा, माझा आवाज, माझा वास, हे सगळं सावजाला जवळ ओढण्यासाठीच आहे. आता विचार करा, ज्याच्यावर आपण फिदा आहोत तोच म्हणतोय की तुला जे वाटतंय ते वाटावं अशीच माझी रचना आहे. कोणत्याही मुलीला इथे धक्का बसायला हवा, की मग मला जे वाटतंय त्यात माझं किती आणि याच्या त्या रचनेचं किती? ती हा विचार करत नाही, आणि पुस्तकही तिला करायला लावत नाही. इतका भारी प्रश्न हातात आलेला सोडून दिलाय याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्याच्या बाजूनेही तेच. ऐंशीपेक्षा जास्त वर्षं जोडीदाराशिवाय जगलेला माणूस, त्याला हीच का आवडावी? पुस्तक दोन कारणं देतं, एक तिच्या रक्ताचा वास आणि दुसरं म्हणजे त्याला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं पण हिच्या मनातलं येत नाही. दोन्ही कारणं तिच्यात जन्मापासून आहेत, तिने त्यासाठी काही केलेलं नाही, काही बोललेली नाही, कुठला निर्णय घेतलेला नाही. म्हणजे तिच्या जागी तसंच रक्त आणि तसंच बंद मन असलेली दुसरी कोणी असती तरी चाललं असतं असं वाटत राहतं. वाचक म्हणून आपल्याला जे खटकतं ना, ते बऱ्याचदा हेच असतं, फक्त आपण त्याला 'फार लवकर झालं' म्हणतो.

आणि गंमत म्हणजे याचं उत्तर त्याच पुस्तकात आहे, फक्त चुकीच्या जागी. मन वाचता येत नाही म्हटल्यावर त्याला कित्येक वर्षांत पहिल्यांदा कोणालातरी प्रश्न विचारावे लागतात. अकराव्या प्रकरणात तो दिवसभर तिला प्रश्न विचारत राहतो, आवडता रंग कोणता वगैरे. ती म्हणते आज तपकिरी. का, तर इथे फोर्क्समध्ये, म्हणजे ती नुकतीच राहायला आलीय त्या गावात, जे तपकिरी असायला हवं, झाडांची खोडं, दगड, माती, ते सगळं हिरव्या शेवाळाने झाकून गेलंय आणि तिला त्या तपकिरीची आठवण येतेय. मग ती आधी राहत होती त्या फिनिक्सच्या वाळवंटाबद्दल सांगते, तिथल्या झुडपांचा वास, उन्हाळ्यातला किड्यांचा आवाज, आणि तो ऐकत बसतो. या दोन-तीन पानांत बेला पहिल्यांदा एक माणूस वाटते, घर सुटलेली मुलगी, जिला ओसाड जागा सुंदर दिसते. आणि तो फक्त तिचा वास घेणारा न राहता तिचं ऐकणारा होतो. मला विचाराल तर प्रेम इथे सुरू होतं. पण बेलाने आपण त्याच्या प्रेमात पूर्ण बुडालोय आणि आता परत फिरणं नाही हे नवव्या प्रकरणाच्या शेवटीच सांगून टाकलेलं असतं! म्हणजे आधी निकाल आणि मग ओळख.

असं का झालं असावं याचा एक धागा लेखिकेनेच दिलाय. स्टेफनी मायर यांनी सांगितलंय की जून 2003 मध्ये त्यांना स्वप्न पडलं, जंगलातल्या मोकळ्या कुरणावर एक मुलगी आणि एक व्हॅम्पायर बोलत बसलेत, दोघं प्रेमात आहेत आणि त्याला तिच्या रक्ताचा मोहही होतोय. तेच पुढे तेरावं प्रकरण झालं. त्यांनी तिथून शेवटपर्यंत आधी लिहिलं आणि मग मागे येऊन सुरुवातीची प्रकरणं लिहिली. हे कळल्यापासून मला त्या पुस्तकाची पहिली बारा प्रकरणं वेगळीच दिसायला लागली, कारण तिथे प्रेम व्हायचं नाहीचे, ते आधीच झालेलं आहे, फक्त कुरणापर्यंत पोचायचंय. असं उलटं लिहिण्यात वाईट काही नाही, पण त्यात पात्रांना चुकायची, थांबायची, नको म्हणायची मोकळीक कमी होते आणि ते वाचणाऱ्याला जाणवतं.

दुसरं असं की नॉर्मल कॉलेजच्या लव्हस्टोरीत झटपट प्रेम आपण सहज चालवून घेतो, कारण फार तर काय होईल, ब्रेकअप होईल. इथे त्याच्यासाठी स्वतः व्हॅम्पायर व्हायचं म्हणून मुलगी काय द्यायला निघालीय बघा. आईवडील, मित्रमैत्रिणी, म्हातारपण, मरण, सगळं कायमचं, आणि हा निर्णय ती अठराच्या आत-बाहेर असताना घेतेय. जेवढा मोठा निर्णय तेवढा मोठा पुरावा वाचकाला लागतो. डोळे सोनेरी आहेत आणि कातडी संगमरवरी आहे एवढ्यावर कोणी कायमचं बदलायला निघालं तर आपण तिच्या बाजूने उभे राहू शकत नाही, आपल्याला तिची काळजी वाटायला लागते.

आता कोणीतरी म्हणेल की रोमिओ-ज्युलिएट पण मग झटपटच होते की, रात्री भेटले आणि दुसऱ्या दिवशी लग्न. बरोबर, पण ते नाटक ही घाई लपवत नाही. रोमिओ आदल्या दिवसापर्यंत रोझलिनसाठी झुरत होता, आणि तो पाद्री त्याला त्यावरून सरळ झापतो. ज्युलिएट स्वतः बाल्कनीतून म्हणते की हे फार अचानक, फार अविचाराने होतंय. म्हणजे जो प्रश्न आपल्या मनात येतो तो स्टेजवर कोणीतरी विचारून झालेला असतो, त्यामुळे आपण नाटकाशी भांडत बसत नाही.

आणि मला याहून भारी उदाहरण नल-दमयंतीचं वाटतं. तिथे तर एकमेकांना बघितलेलंही नाही, हंसाने केलेलं वर्णन ऐकून प्रेम, याच्याहून झटपट काय असणार. पण मग स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम असे चार देव नलाचं रूप घेऊन येतात आणि दमयंतीसमोर पाच नल उभे राहतात, अगदी सारखे. ती खरा कसा ओळखते? देवांना घाम येत नाही, पापणी लवत नाही, माळेतली फुलं कोमेजत नाहीत, पाय जमिनीला टेकत नाहीत. ज्याच्या अंगावर घाम आणि धूळ आहे, ज्याची सावली पडतेय, ज्याच्या माळेतली फुलं कोमेजलीत, तो तिचा नल. म्हणजे ज्यांना म्हातारपण नाही, मरण नाही, असे चार देखणे उमेदवार समोर असताना ती घामेजलेला माणूस निवडते, आणि तेही नीट बघून निवडते. ऐकीव प्रेम त्या एका क्षणात तिचं स्वतःचं होतं. व्हॅम्पायर रोमान्समध्ये नेमका हा क्षण गायब असतो, आणि ज्या गोष्टी दमयंतीला 'हा माझा नाही' म्हणून सांगतात त्याच गोष्टींवर, न सुरकुतणारी कातडी, न थकणारं शरीर, या नायिका भाळतात.

बाकी मालिका चालवायच्या गणिताचाही भाग असतो. पहिल्या पुस्तकात प्रेम पक्कं केलं की पुढे सगळी संकटं बाहेरून आणता येतात, शत्रू टोळी, दुसरा मुलगा, जुने नियम. दुसरा मुलगा असतो तोही नावापुरताच, कारण नशिबात कोण आहे ते आधीच ठरलंय. याचं टोक म्हणजे 'ट्वायलाइट' मालिकेतल्याच 2008 च्या 'ब्रेकिंग डॉन'मधलं इम्प्रिंटिंग, जिथे जेकब, म्हणजे बेलावर प्रेम करणारा तो दुसरा मुलगा, बेलाच्या नुकत्याच जन्मलेल्या बाळाशी कायमचा बांधला जातो. तिथे ना त्याने काही निवडलं ना त्या बाळाने, आणि ते प्रेमळ म्हणून दाखवलंय. तिथे मला अंगावर काटा आला, आणि तसा तो बऱ्याच वाचकांना आलेला आहे.

पटतं असं पुस्तक विचारलंत तर दोन सांगते. पहिलं 'कार्मिला', शेरिडन ले फान्यू यांची, 1872 ची, म्हणजे ड्रॅक्युलाच्या पंचवीस वर्षं आधीची. लॉरा नावाची एकाकी मुलगी, तिच्या घरी पाहुणी म्हणून आलेली कार्मिला, आणि कार्मिला पहिल्यापासून तिच्यावर प्रेमाचा वर्षाव करते. झटपटच आहे सगळं, पण लॉराला एकाच वेळी ओढही वाटते आणि किळसही, आणि ती दोन्ही सांगते, एक लपवून दुसरं सांगत नाही. कार्मिलाचं प्रेम खरं होतं की तो फक्त भुकेचा गोड आवाज होता हे शेवटपर्यंत सुटत नाही, आणि लॉरालाही ते सुटत नाही म्हणूनच मला ती गोष्ट पूर्ण पटते.

दुसरं स्वीडिश पुस्तक, 'लेट द राइट वन इन', 2004 चं, यॉन आयविडे लिंडक्विस्ट यांचं. हे रोमान्स नाही, कडक हॉरर आहे, पण प्रेम कसं होतं हे यात जसं दाखवलंय तसं मी या प्रकारात दुसरीकडे वाचलेलं नाही. 1981 सालचं स्टॉकहोमचं उपनगर, ऑस्कर बारा वर्षांचा, शाळेत मार खाणारा, आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये आलेलं एली नावाचं मूल, जे सुरुवातीलाच सांगून टाकतं की आपली मैत्री होऊ शकत नाही. ऑस्कर त्याला रुबिक क्यूब देतो, एली तो सोडवून आणतं. मग दोघं मधल्या भिंतीवर टकटक करून मोर्स कोडमध्ये बोलायला लागतात. व्हॅम्पायर असल्याचं ऑस्करला कळतं ते त्यानंतर. आणि मग तो सीन, व्हॅम्पायरला 'आत ये' म्हटल्याशिवाय घरात येता येत नाही हा जुना नियम सगळ्यांना माहीत असतो, तर ऑस्कर मुद्दाम म्हणत नाही, न बोलावता आलास तर काय होतं ते बघायचंय त्याला. एली तसंच आत येतं आणि त्याच्या अंगातून रक्त यायला लागतं. ऑस्कर घाबरून ये, ये म्हणतो. एलीने स्वतःचं रक्त सांडून दाखवलं की मी तुझ्या घरात भूक घेऊन आलेलो नाही, आणि ऑस्करला कळलं की आपल्या एका शब्दाने समोरच्याचा जीव जाऊ शकतो. यानंतर कोणी आय लव्ह यू म्हणायची गरजच राहत नाही.

आधी 'कार्मिला' वाचा, छोटीशी आहे आणि इतकी जुनी की इंग्रजीत नेटवर फुकट मिळते. 'लेट द राइट वन इन' मध्ये खून, बुलिंग, लहान मुलांवरचे अत्याचार असं बरंच काही आहे त्यामुळे घरातल्या टीनएजरच्या हातात देण्याआधी स्वतः वाचून बघा. 2020 ला आलेलं 'मिडनाइट सन', जे एडवर्डच्या बाजूने लिहिलंय, तेही जाडजूड असलं तरी चालेल, त्यात बायोलॉजीच्या वर्गात तो अख्खा वर्ग मारायचा प्लॅन करत बसलेला असतो आणि भुकेशी त्याची झटापट तिथे बरीच जास्त दिसते. आणि 'ट्वायलाइट' परत वाचणार असाल तर अकरावं प्रकरण आधी वाचा आणि मग मागे येऊन नववं वाचा, मला तरी त्या क्रमाने बेलाचं म्हणणं खूप जास्त पटलं.